विहिरीत टेप सोडून घेतलेली परीक्षा

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहे. त्याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधल्या एम. सी. मेहता खटल्याच्या निकालात आहे. पुढे यूजीसीने सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा एक सामायिक अभ्यासक्रम आखला. एकूण ५० तास, त्यातले ५ क्षेत्रभेटीचे. एकूण १०० गुण, त्यातले २५ क्षेत्रकार्याचे. क्षेत्रकार्यात काय करायचं तेही लिहून ठेवलेलं आहे: जवळची नदी, डोंगर, माळरान पाहून नोंदी करायच्या, एखाद्या प्रदूषित जागेला भेट द्यायची, परिसरातली झाडं-कीटक-पक्षी ओळखायचे, तळं किंवा डोंगरउतारासारखी साधी परिसंस्था अभ्यासायची. माझ्या मते इतकी चांगली कल्पना आपल्या पदवी शिक्षणात फार कमी ठिकाणी सापडेल. हे प्रकरण त्या २५ गुणांचं आहे.

महाविद्यालय सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातलं आहे. मी तिथे भूगोल शिकवते. बऱ्याच ग्रामीण महाविद्यालयांत असतं तसं आमच्याकडेही पर्यावरणाचा पेपर भूगोल आणि वनस्पतिशास्त्र या दोन विभागांनी वाटून घेतलेला आहे. मुलं माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीने येतात. कला, वाणिज्य, विज्ञान सगळ्यांना हा पेपर एकच, त्यामुळे प्रकल्पाच्या फायली गठ्ठ्यांनी जमा होतात आणि तपासायला हात मोजके असतात.

फाइल कशी असते हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही सांगायला नको. रंगीत मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, प्रस्तावना, उद्दिष्टे, विषयविवेचन, निष्कर्ष, संदर्भ. ‘जलप्रदूषण’, ‘ओझोनचा थर’, ‘सेंद्रिय शेती’ हे ठरलेले विषय. तालुक्याच्या गावी झेरॉक्स सेंटरमध्ये आदल्या वर्षीच्या फायली मिळायच्या. नाव आणि हजेरी क्रमांक बदलला की काम झालं. म्हणजे यंत्राने लेखन सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही कागद तपासत होतो आणि त्या कागदामागे विद्यार्थी आहे असं धरून चालत होतो. या प्रकरणातली हीच मुख्य गोष्ट मला वाटते. कृत्रिम बुद्धिमत्तेने आमची परीक्षा बिघडवली असं आमच्या स्टाफरूममध्ये बरेच जण म्हणतात. माझं म्हणणं असं की, ती मुळातच पोकळ होती; आता ती पोकळी झाकता येत नाही एवढंच.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सगळ्यांसाठी खुलं झालं, पण आमच्या मुलांच्या हातात हे तंत्र खऱ्या अर्थाने आलं ते २०२४ मध्ये, मेटाचा एआय सहायक व्हॉट्सॲपच्या आतच येऊन बसला तेव्हा. वेगळं ॲप नको, खातं उघडायला नको, इंग्रजी नको. मराठीत बोलून विचारलं तरी उत्तर मिळतं. २०२५ मध्ये तर एअरटेल आणि जिओने आपल्या ग्राहकांना अशा साधनांच्या एरवी पैसे मोजाव्या लागणाऱ्या आवृत्त्या फुकट देऊ केल्या. झेरॉक्स सेंटरवाल्याचा धंदा बसला. त्याच्याकडे आता मुलं फक्त प्रिंट काढायला जातात.

फायलींत काय होतं

‘माझ्या गावातील पाण्याची स्थिती’ हा विषय आम्ही मुद्दामच दिला होता. गावाचा विषय दिला म्हणजे नक्कल होणार नाही, ही आमची अपेक्षा. फायली आल्या त्या आधीच्या कोणत्याही वर्षापेक्षा शुद्ध भाषेत, नीट परिच्छेद पाडलेल्या, एकही सारखी नसलेल्या. पहिल्या वाचनात कौतुकच वाटलं.

मग पावसाचा मजकूर आला. एका फाइलमध्ये लिहिलं होतं की, गाव सातारा जिल्ह्यात असल्याने तिथे मुबलक पाऊस पडतो आणि भूजलाचं पुनर्भरण चांगलं होतं. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर आहे, तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, हे खरं. पण त्याच जिल्ह्यातला माण तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, तिथे वर्षभरात पाचशेच्या आसपास पडला तरी लोक बरं वर्ष म्हणतात. जिल्ह्याच्या नावावरून काढलेलं अनुमान बरोबर उलट होतं. ते लिहिणाऱ्या मुलाच्या घरी उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं.

दुसऱ्या एका फाइलमध्ये ५० कुटुंबांचं सर्वेक्षण होतं. टक्केवारीची बेरीज अगदी बरोबर शंभर. ज्या वाडीचं नाव वर छापलं होतं तिथे तेवढी घरं नाहीत. माणगंगा दोन-तीन फायलींत बारमाही झाली होती. प्रत्यक्षात पावसाळा सरला की तिच्या पात्रातून जनावरं कोरड्या खुरांनी पलीकडे जातात. जलयुक्त शिवार आणि ठिबक सिंचनाचे परिच्छेद तर कोणत्याही गावाला लावता येतील असे.

या मुलांपैकी कित्येकांनी २०१७ च्या उन्हाळ्यात, शाळेत असताना, पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेसाठी आईवडिलांबरोबर डोंगरावर सलग समतल चर खोदले आहेत. पाणी कुठे मुरतं आणि कुठे वाहून जातं हे त्यांना हाताच्या फोडांनी शिकवलेलं आहे. त्यातलं एक अक्षर फायलींत नव्हतं. मला राग आला तो याचा. नक्कल झाली म्हणून नव्हे. ज्या विषयात ही मुलं माझ्यापेक्षा जास्त जाणती आहेत, त्याच विषयात त्यांनी आपलं जाणतेपण बाजूला ठेवून भलत्याच कुणाचा तरी सरासरी मजकूर आणून दिला. आणि तसं करायला आम्हीच त्यांना शिकवलं होतं, कारण वर्षानुवर्षं गुण मिळत आले ते गुळगुळीत भाषेला.

ओळखयंत्राचा मोह

स्टाफ मीटिंगमध्ये पहिली सूचना आली ती एआयचा मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर घेण्याची. ठरावीक टक्क्यांच्या वर निघालं की शून्य गुण. सूचना करणारे सर मनापासून बोलत होते, आणि दोन्ही हातांनी तपासून थकलेल्या माणसाला हा उपाय का आवडतो हे मला समजतं. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साम्याची टक्केवारी ठरवून दिली आहे, १० टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर शिक्षा नाही, तशीच काही रेषा इथेही आखता येईल असं त्यांना वाटत होतं.

पण साम्य शोधणं आणि यंत्राचा मजकूर ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. साम्य शोधताना मूळ मजकूर समोर ठेवता येतो; ही ओळ इथून उचलली, हे बघ. यंत्राने नव्याने जुळवलेल्या वाक्याला मूळ असा मजकूरच नसतो. उरतो तो फक्त अंदाज. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने २०२३ च्या जानेवारीत स्वतःचं ओळखयंत्र काढलं होतं. त्यांच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला, आणि माणसांनी लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने यंत्राचा ठरवला. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी ते मागे घेतलं. ज्यांनी यंत्र बनवलं त्यांनाच स्वतःच्या यंत्राचं लेखन खात्रीने ओळखता आलं नाही.

आमच्या मुलांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा अभ्यास स्टॅनफर्डचा, तोही २०२३ मधलाच. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांचे टोफेल परीक्षेतले ९१ निबंध सात ओळखयंत्रांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राने लिहिलेले ठरले. अमेरिकन शाळकरी मुलांच्या निबंधांच्या बाबतीत मात्र तीच साधनं जवळजवळ बिनचूक होती. कारण सरळ आहे: मोजके शब्द, साधी वाक्यरचना, अपेक्षित वळणं, ही ओळखयंत्राच्या लेखी यंत्राची खूण, आणि परक्या भाषेत जपून लिहिणाऱ्या मुलाचीही तीच खूण. आमच्या बी.कॉम.च्या मुलाने शब्दकोश उघडून स्वतः लिहिलेलं इंग्रजी पान त्या चाळणीत पहिलं अडकलं असतं. मराठीची तर गोष्टच सोडा. ही साधनं घडली आहेत ती मुख्यतः इंग्रजीवर. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०२३ च्या ऑगस्टमध्ये टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं एआय ओळखणं बंद केलं, तेव्हा साधा हिशेब मांडला होता: वर्षाला ७५,००० पेपर, चूक फक्त एक टक्का धरली तरी ७५० जणांवर खोटा आळ.

दुसऱ्या बाजूने, माणसाच्या नजरेवर विसंबावं तर रेडिंग विद्यापीठाचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. मानसशास्त्राच्या ऑनलाइन परीक्षेत काल्पनिक विद्यार्थ्यांच्या नावाने यंत्राची उत्तरं घुसवली. तपासनिसांना कल्पना नव्हती. ९४ टक्के उत्तरं कुणाच्या लक्षातही आली नाहीत, आणि त्यांना मिळालेले गुण खऱ्या मुलांपेक्षा सरासरीने जास्त होते. जिथे तपासनीस स्वतःच्या विषयात मुरलेले आहेत तिथे ही अवस्था.

हे सगळं मीटिंगमध्ये मांडलं. सॉफ्टवेअरचा विषय मागे पडला, त्यात खर्चाच्या आकड्याचाही हातभार होता. एका मॅडमनी मग फाइल हस्ताक्षरात मागवू, असं सुचवलं. त्याने फक्त मनगट दुखेल. मोबाइलवरचा मजकूर वहीत उतरवायला फार अक्कल लागत नाही.

२५ गुणांची नवी वाटणी

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग केले आहेत. एक देखरेखीखालचा, जिथे विद्यार्थ्याला स्वतःला काय येतं हे समोर बसवून पाहिलं जातं. दुसरा खुला, जिथे एआय वापरायला मुभा आहे आणि ती वापरली जाणार हे गृहीतच धरलेलं आहे. मला यातला एक विचार पटला: ज्यावर तुम्ही पहारा ठेवू शकत नाही, तिथे बंदीचा नियम करू नये. तो पाळणाऱ्या प्रामाणिक मुलाचं नुकसान होतं आणि न पाळणाऱ्याचं काहीच बिघडत नाही. पण सिडनीसारखी व्यवस्था आमच्याकडे उचलून आणता येणार नव्हती. आमच्या हाताशी होत्या त्या विहिरी.

गावोगावच्या विहिरी निवडण्यामागे कारण होतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. पद्धत इतकी साधी आहे की दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही मुलाला जमावी. पण ज्या विहिरीवर सरकारी टेप पडत नाही तिचा आकडा कुठल्याही संकेतस्थळावर नसतो, त्यामुळे तो यंत्रालाही ठाऊक असू शकत नाही. मूल तिथे गेलं तरच तो मिळतो.

गुणांची फोड अशी ठरली. मोजणीच्या वहीला ७. तोंडी परीक्षेला ८. वर्गात बसून, स्वतःची वही समोर ठेवून, हाताने लिहिलेल्या दोन पानांना ६. आणि यंत्राच्या मजकुराची तपासणी करण्याला ४. रंगीत मुखपृष्ठाची फाइल दप्तरी नोंदीसाठी लागते म्हणून राहिली, पण तिच्यात हेच कागद लावायचे. वेगळे गुण नाहीत. ऋणनिर्देश काढून टाकला.

यातला चार गुणांचा भाग सर्वांत लहान, पण वर्गात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती त्याचीच. गटाने एआयला आपल्या गावाच्या पाण्याबद्दल एक पान लिहायला सांगायचं, ते छापून आणायचं आणि प्रत्येक वाक्याच्या समोर तीनपैकी एक खूण करायची: खरं, खोटं, सांगता येत नाही. खरं किंवा खोटं म्हटलं तर आधार काय तो लिहायचा. आधार म्हणजे पाहिलेलं, मोजलेलं किंवा कुणाला तरी विचारलेलं, आणि विचारलं असेल तर त्या माणसाचं गावाशी, शेतीशी नातं काय तेही.

सुरुवातीला मुलं धडाधड ‘खरं’ लिहीत सुटली. ‘गावातील बहुतांश शेतकरी ठिबक सिंचनाचा अवलंब करतात’ या वाक्यावर एका गटात भांडण लागलं. एक म्हणाला, करतातच की, आमच्या डाळिंबाला आहे. दुसरी म्हणाली, डाळिंबाला आहे, ज्वारीला कुठं आहे? मग ‘बहुतांश’ म्हणजे किती, शेतकरी मोजायचे की एकर मोजायचे, असे प्रश्न निघाले. ते सोडवायला त्यांना एका शिवारात बांधाबांधाने फिरावं लागलं. माझ्या सांख्यिकीच्या तासाला ही मुलं जांभया देतात. नमुना म्हणजे काय आणि सरासरी कुणाला लपवते, हे त्या वाक्याने त्यांना जितकं शिकवलं तितकं मला फळ्यावर जमलेलं नाही. ‘सांगता येत नाही’ या रकान्याचे गुण आम्ही मुद्दाम जास्त ठेवले, कारण आपल्या परीक्षापद्धतीत ‘माहीत नाही’ लिहिण्याचं धाडस मुलांनी कधी केलेलं नसतं.

टेप, कठडा आणि लाईट

मोजणी कशी करायची हे महाविद्यालयाच्या आवारातल्या विहिरीवर दाखवलं. टेपच्या टोकाला वजन बांधायचं, हळू सोडायचं, पाण्याला टेकल्याचा अंदाज हाताला येतो. मग कठड्याच्या वरून आलेल्या मापातून कठड्याची उंची वजा करायची, कारण पातळी मोजायची ती जमिनीपासून. त्या दिवशी मोटर चालू होती का, किती वेळ होती, हे लिहायचं. उपसा सुरू असताना घेतलेलं माप खऱ्या पातळीपेक्षा खोल येतं. शेतीची लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. म्हणून मोजणीची वेळ लाईटच्या वेळापत्रकावर ठरते. हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, पण ज्याच्या घरी विहीर आहे त्याला सांगावं लागत नाही.

तोंडी परीक्षा वहीवरूनच. पाठ केलेला प्रश्न एकही नाही. एका मुलाची वही गचाळ होती, दोन पानांवर चहाचे डाग, आकड्यांत खाडाखोड. चुलत्यांच्या विहिरीची पातळी त्याने एकोणतीस फूट लिहिली होती. शेजारच्याच बांधावरची दुसऱ्या मुलाची विहीर सव्वीस.

“एकोणतीस कुठून मोजलंस?”

“कठड्यावरनं, मॅडम.”

“कठडा वजा केलास?”

तो गप्प झाला. मग हात कमरेला लावून म्हणाला, “हितपतूर येतो. तीन फूट धरा.”

एकोणतीसातून तीन गेले, सव्वीस. दोन्ही विहिरी जुळल्या. वजाबाकी विसरल्याचा एक गुण गेला, पण बाकी सगळे मिळाले, कारण कठड्याला कंबर टेकवून उभा राहिल्याशिवाय ही चूक होऊच शकत नाही. पुढे त्याने आपणहून सांगितलं की, विहिरीत पूर्वेकडून आडवं बोअर मारलं आहे, पण त्याचं पाणी जानेवारीनंतर बंद होतं. मुरमाच्या खाली काळा पाषाण लागल्यावर आजोबांनी पाणाड्या आणला होता आणि त्याने दाखवलेल्या जागी काहीच लागलं नाही. बेसाल्टमध्ये भूजल भेगांतून आणि खडकाच्या झिजलेल्या थरांतून साठतं, हे मी वर्गात सांगते. त्याने ते एका विहिरीच्या भिंतीवर वाचलं होतं. सातवीपासून पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलांपेक्षा त्याला जास्त गुण मिळाले, आणि मला वाटतं ते योग्य झालं.

दुसरी एक वही याच्या अगदी उलट. अक्षर मोत्यासारखं, आकडे दर आठवड्याला नेमके एक फुटाने खाली. मधल्या एका आठवड्यात अवकाळी पाऊस झाला होता, त्याचाही परिणाम नाही. विचारलं तर उत्तर आलं, “पाऊस झाला, पण मोटर चालूच होती.” असं होऊ शकतं. आकडे घरी बसून भरले आहेत असा मला संशय होता, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, आणि ओळखयंत्राला नाकारलं ते याच कारणासाठी. म्हणून त्याच्यावर आरोप न करता टेप हातात दिला आणि आवारातल्या विहिरीची पातळी मोजायला सांगितली. त्याला वजन बांधता आलं नाही. वहीचे गुण आम्ही निम्मे केले, आणि पुन्हा मोजून आणायला मुदत दिली. त्याने आणले ते आकडे वेडेवाकडे होते आणि विश्वासार्ह होते. त्यानंतर आवारातली मोजणी आम्ही सगळ्यांना लागू केली. एकट्या संशयिताची परीक्षा घेणं अन्यायाचं ठरतं.

ज्यांच्या घरी विहीर नाही

आराखडा कागदावर बरा वाटला तरी त्यात एक मोठी अडचण होती आणि ती पहिल्याच आठवड्यात समोर आली. भूमिहीन घरातल्या मुलाने दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन टेप सोडायचा, हे बोलायला सोपं आहे. कोणाच्या विहिरीवर कोण जातं याला आपल्या गावांमध्ये फार जुना आणि कडवट इतिहास आहे. शिवाय मुलींचा प्रश्न: संध्याकाळी, लाईट गेल्यावर, रानातल्या विहिरीवर एकटीने जा, असं कोण म्हणेल? चौकटीत न बसणाऱ्यांना ‘सवलत’ म्हणून फाइल लिहायला देणं हा सोपा मार्ग होता. तो आम्ही घेतला नाही, कारण त्याने त्यांचा प्रकल्प दुय्यम ठरला असता.

त्याऐवजी मोजायची गोष्ट बदलली. विहिरीच्या जागी घरातलं पाणी. नळ कोणत्या दिवशी आला, किती वेळ आला, टँकर कधी आला, हंडे किती भरले, ते कुणी वाहिले. एका मुलीने हंड्याची मापं दुधाच्या लिटरच्या बाटलीने घेतली, घरातला प्रत्येक हंडा आणि कळशी वेगवेगळी, कारण आजीचा तांब्याचा हंडा आणि बाजारातला प्लॅस्टिकचा हंडा सारखा नसतो. मग माणशी रोजचं पाणी काढलं आणि जलजीवन मिशनच्या ५५ लिटरच्या मापाशी ताडून पाहिलं. पाहुणे आले त्या दिवशी तिच्या स्वतःच्या वाट्याचं पाणी किती कमी झालं, हे तिने वेगळ्या रकान्यात लिहिलं होतं. तो रकाना आम्ही सुचवला नव्हता. तोंडीत तिला एकच प्रश्न विचारला, हा रकाना का केलास, आणि तिच्या उत्तरानंतर मी आणि वनस्पतिशास्त्राच्या मॅडम दोघींनीही पुढचा विद्यार्थी लगेच बोलावला नाही.

एआयचा वापर तिनेही केला होता, आणि सांगितला होता. मोजणीचे कागद नीट तक्त्यात बसवून घेतले, इंग्रजीतली सरकारी पत्रकं मराठीत समजून घेतली. यंत्राने तक्ता करताना दोन दिवसांच्या रिकाम्या जागी स्वतःहून आकडे भरले होते. तिने ते पकडले आणि तिथे ‘नळ आला नाही’ असं परत लिहिलं. या गोष्टीचे चारपैकी चार गुण. आम्ही नियमच केला आहे: वापर सांगितला तर गुण कापायचे नाहीत, फक्त काय बदललं आणि काय तपासलं हे सांगता आलं पाहिजे.

किंमत

या पद्धतीला वेळ लागतो. फाइल बसल्या जागी तपासून होते. तोंडीला प्रत्येक मुलामागे पाच-सात मिनिटं द्यावीच लागतात, आणि वर्ग मोठा असला की तो हिशेब आठवड्यांवर जातो. आम्ही तो प्रॅक्टिकलच्या तासांत पसरवला, दोघी मिळून घेतला, तरी नियमित अध्यापन मागे पडलं. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकाला मानधन तासांवर मिळतं. त्याच्याकडून विहिरीवरच्या फेऱ्या आणि लांबलेल्या तोंडी परीक्षा कशाच्या जोरावर मागायच्या? मूल्यमापन सुधारा, असे सल्ले विद्यापीठांकडून आणि परिसंवादांतून भरपूर मिळतात; त्यासाठी लागणारे मनुष्यबळाचे तास कुणी मंजूर करत नाही. जोवर तोंडी परीक्षेचा वेळ अध्यापनाच्या भारात धरला जात नाही, तोवर बहुतेक महाविद्यालयं फायलीच मागवत राहतील, आणि त्यात मी शिक्षकांना दोष देणार नाही.

तोंडी परीक्षेचा दुसरा दोष म्हणजे बोलक्या मुलाचा फायदा. दबकून बोलणारं मूल मागे पडतं. म्हणूनच वर्गात बसून लिहायच्या दोन पानांना सहा गुण ठेवले, आणि तोंडी शक्यतो विहिरीजवळ किंवा वही उघडून, मुलाच्या बोलीतच घेतली. तरीही परीक्षकाचा कल येतोच. दोघींनी वेगवेगळे गुण देऊन मग ताडून पाहायचे, एवढीच काळजी घेता येते. दोन ठिकाणी आमच्यात बराच फरक पडला आणि ती दोन्ही मुलं अबोल होती.

सध्या आमच्यात वाद आहे तो जुन्या वह्यांचा. माझं म्हणणं, त्या ग्रंथालयात खुल्या ठेवाव्यात आणि नव्या मुलांनी त्याच विहिरींवर पुढची मोजणी करावी. दरवर्षी त्याच महिन्यांत घेतलेलं माप साठत गेलं तर तालुक्याच्या भूजलाची एक नोंद तयार होईल, आणि ती ग्रामपंचायतीलाही उपयोगी पडेल. मॅडम म्हणतात, पुढच्या बॅचला आयते आकडे मिळतील. गेल्या वर्षीचे आकडे फूटभर इकडे-तिकडे केले की वही तयार. त्यांची भीती खोटी नाही. पण दोन वर्षांचे पावसाळे सारखे नसतात आणि फूटभर सरकवलेले आकडे शेजारच्या विहिरीशी जुळत नाहीत. मेच्या मोजणीचं मात्र काय करायचं हे दोघींनाही सुचलेलं नाही. तेव्हा पातळी सर्वांत खोल असते, तेच माप सर्वांत महत्त्वाचं, आणि तोवर परीक्षा होऊन गुण विद्यापीठात गेलेले असतात. गेल्या मेमध्ये काही मुलांनी गुणांचा संबंध नसतानाही माप घेऊन फोटोसकट पाठवलं. ते वहीत कुठल्या खात्यावर लिहायचं हे ठरेपर्यंत मी वेगळ्या पानावर उतरवून ठेवलं आहे.